आमचं रक्त घ्या, पण आजार आमच्या जातीच्या नावावर लिहू नका

प्रति,
डायबेटीस, हार्ट, किडनी, सिकलसेल अशा आयुष्यभर पुरणाऱ्या आजारांवर जनुकीय संशोधन करणारे सगळे शास्त्रज्ञ, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागातली संबंधित मंडळी, आणि मेडिकल कॉलेजांच्या एथिक्स कमिट्यांवर बसणारे सगळे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एचपीएलसी मशीनवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून ग्राफवर दाखवणाऱ्या यंत्रावर काम करते. शुगरवाल्यांची एचबीएवनसी आणि सिकलसेलसाठीची हिमोग्लोबिनची तपासणी, दोन्ही माझ्याच टेबलावर होतात. तुम्ही ज्या रक्तावर पेपर लिहिता ते रक्त आधी माझ्यासारख्यांच्या हातून जातं, ट्यूबला बारकोड आम्ही लावतो, फॉर्म आम्ही भरून घेतो, आणि त्या फॉर्मवर आता जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जात, जमात, समाज असा एक रकाना असतो. त्या रकान्याबद्दलच लिहायचंय. तो ठेवू नका असं माझं म्हणणं नाही, का ते पुढे सांगते. पण तो रकाना फॉर्मवरून एक्सेल शीटमध्ये जातो, तिथून तुमच्या शोधनिबंधात जातो, निबंधातून वर्तमानपत्रांच्या हेडलाइनमध्ये येतो, आणि तोवर त्याचं आजाराच्या कारणात रूपांतर झालेलं असतं. मोजलं काय होतं हे कुणालाच आठवत नाही, "अमुक समाजात अमुक आजार जास्त" एवढं मात्र घराघरात पोचतं. हे थांबवणं तुमच्या हातात आहे म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आधी सिकलसेलचं बोलू, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार, कारण विदर्भात आम्ही त्यातच वाढलोय. आमच्याकडे अनेक ठिकाणी सिकलिंगची टेस्ट लिहायची की नाही हे आडनावावर ठरतं. कुठे नियम लिहून लावलेला नाही, पण होतं असंच. आडनाव ऐकलं, गाव विचारलं, की लिहिली टेस्ट. दुसरं आडनाव असलं की पोराचे सांधे दुखतात, हातपाय सुजतात, रक्त कमी आहे, तरी आधी संधिवाताची तपासणी, मग आयर्नच्या गोळ्या, मग आणखी कुठला तरी डॉक्टर. असं फिरून फिरून आलेलं एक पोरगं मला चांगलं आठवतं, पाचवीतलं असेल, आईने फाईलीचा अख्खा गठ्ठा आणला होता आणि त्या गठ्ठ्यात महिनोन्‌महिने कुणीही काही मिनिटांची साधी सॉल्युबिलिटी टेस्टसुद्धा लिहिली नव्हती, कारण "यांच्यात नसतं". माझ्या मशीनवर त्याचा ग्राफ आला तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती. नॉर्मल माणसाच्या ग्राफवर ए चा, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा एक उंच सुळका असतो, अडीच मिनिटांच्या आसपास. वाहकाच्या, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेल्या माणसाच्या ग्राफवर त्याच्यापुढे साडेचार मिनिटांच्या जवळ दुसरा सुळका येतो, तो एस, सिकलसेलचं हिमोग्लोबिन. या पोराच्या ग्राफवर ए चा सुळका नव्हताच, फक्त एस, आणि सुरुवातीला थोडं एफ, म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून एस. मशीनला आडनाव माहीत नसतं, त्याला फक्त बारकोड दिसतो, आणि मी इतकी वर्षं बघतेय तर तो साडेचार मिनिटांवाला सुळका आदिवासी घरांतून येतो, दलित घरांतून येतो, ओबीसी शेतकरी घरांतून येतो, आणि ज्यांना कुणी कधी विचारलंच नसतं अशा घरांतूनही अधूनमधून येतो.

आता हेच अमेरिकेत कसं झालं ते बघा, कारण सगळं आधी तिथं होऊन गेलंय. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची नोंद केली. तो तरुण काळा होता, पुढचे पेशंटही बहुतेक काळे होते, आणि बघता बघता सिकलसेल म्हणजे काळ्या लोकांचा आजार असं पक्कं झालं. मग ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोसच्या भागात सापडला, सिसिलीत सापडला, सौदीच्या पूर्व भागात सापडला, १९५२ साली आपल्या निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की एक एस असलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणजे जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं एस टिकला. नकाशा काढायचाच तर तो मलेरियाचा निघतो, कातडीच्या रंगाचा निघत नाही. गडचिरोली, मेळघाट, सातपुड्याचा नंदुरबारचा पट्टा, हे सगळे जुने मलेरियाचे भाग आहेत हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल.

तरी अमेरिकेत काही ठिकाणी बरीच वर्षं नवजात बाळाची तपासणी रंग बघून करत होते. त्यात बाळं सुटायची, कारण बाळाकडे बघून त्याचे आजी-आजोबा कुठले हे कसं कळणार. आणि सुटलेल्या बाळाला वेळेवर पेनिसिलिन सुरू झालं नाही तर साध्या न्यूमोकॉकल इन्फेक्शनने ते दगावू शकतं. म्हणून १९८७ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने सांगितलं की वंश न बघता सगळ्याच बाळांची तपासणी करा, आणि २००६ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी ते लागू केलं. हा धडा तयार आहे, तो आपण परत आपल्या पोरांवर शिकायची गरज नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, २०४७ पर्यंत निर्मूलन म्हणतायत, चांगलंच आहे, मनापासून चांगलं आहे. पण त्याचा भर आदिवासी भागावर आहे आणि त्यामुळे बाकीच्यांच्या डोक्यात "हे आदिवासींचं आहे" हे आणखी घट्ट बसतंय. भर द्या, जरूर द्या, तिथं गरज जास्त आहे. फक्त तुमच्या प्रत्येक पत्रकात हेही लिहा की कुठल्याही घरात असू शकतं.

आणखी एक. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं अनेक वर्षं शिकवलं गेलं, कारण आपल्याकडे जो अरब-इंडियन हॅप्लोटाइप, म्हणजे एस भोवतीचा जनुकीय नमुना आहे त्यात एफ हिमोग्लोबिन जास्त राहतं. नागपूरच्याच डॉक्टरांनी आपल्या पेशंटांच्या नोंदी मांडून दाखवलं की मध्य भारतात तो भरपूर तीव्र असतो, मुलं वारंवार अ‍ॅडमिट होतात, रक्त चढवावं लागतं. "इंडियन" हे लेबल लावून तुम्ही आजार सौम्य ठरवला की वॉर्डात कळवळणाऱ्या पोराच्या दुखण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मी हे कॉरिडॉरमध्ये कानांनी ऐकलंय, "एवढं काय दुखतं, इंडियन टाइप तर आहे".

आता माझ्या टेबलावरची दुसरी तपासणी, एचबीएवनसी. इथं मला वाटतं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी थांबून विचार करायला हवा, कारण यात तुमच्या डायबेटीसच्या अभ्यासांचा पायाच हलतो. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून त्यावरून तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज काढतात. पेशी लवकर मेली तर साखर चिकटायला वेळच कमी मिळतो, आकडा खोटा कमी येतो. एसएस पेशंटमध्ये ए हिमोग्लोबिन जवळजवळ नसतंच, तिथं या तपासणीला अर्थच नाही, तिथं सरळ ग्लुकोज बघायचं किंवा फ्रुक्टोसामीन करायचं. वाहकांमध्येही प्रश्न आहे. २०१७ साली जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास तुम्हाला माहीतच असेल, साडेचार हजारांहून जास्त आफ्रिकन अमेरिकन लोकांवरचा, त्यात उपाशीपोटीची साखर सारखी असताना वाहकांची एचबीएवनसी बाकीच्यांपेक्षा सरासरी ०.३ ने कमी आली. ०.३ म्हणजे थोडं वाटतं, पण ६.५ ला डायबेटीस म्हणायचा असतो तिथं ६.३ आला की माणूस गोड खात घरी जातो. त्याच वर्षी लाल पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमच्या जीनच्या एका प्रकाराबद्दल कळलं, साधारण ११ टक्के आफ्रिकन अमेरिकन लोकांत त्याची किमान एक कॉपी असते, आणि तोही आकडा खाली ओढतो. उलट बाजूला आयर्नची कमतरता असली की आकडा थोडा वर जातो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये आयर्नची कमतरता किती आहे हे मी वेगळं सांगायला नको.

आता मला सांगा, तुम्ही गडचिरोलीत कॅम्प लावला, एचबीएवनसी केली, आणि लिहिलं की या जमातीत डायबेटीस कमी आहे, किंवा शहरातल्या बायकांची केली आणि लिहिलं की या समाजात जास्त आहे, तर तुम्ही नक्की काय मोजलं? साखर, एस, जी६पीडी की आयर्न? यातली प्रत्येक गोष्ट त्याच रक्तातून वेगळी मोजता येते. एस मोजायला दुसरी सुईसुद्धा टोचावी लागत नाही, ट्यूब मशीनवरच असते. ते मोजायचं सोडून जमातीचं नाव लिहायचं, म्हणजे हाताशी असलेली खरी माहिती टाकून अंदाज लिहून ठेवायचा. आमच्यासारख्या लॅबमध्ये सॅम्पल येतात तेव्हा सोबत चिठ्ठी असते, "फक्त ए१सी रिपोर्ट करा". ग्राफमध्ये दुसरा सुळका दिसत असतो आणि फॉर्मवर तो लिहायला जागा नसते. ती जागा करा. एवढी साधी मागणी आहे.

किडनीचंही असंच आहे. बरीच वर्षं आमच्या सॉफ्टवेअरमधून क्रिएटिनिनच्या रिपोर्टखाली एक ओळ आपोआप छापून यायची की पेशंट आफ्रिकन अमेरिकन असल्यास ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा, १.२१ ने गुणावा. नागपुरात! भंडाऱ्याच्या एखाद्या काकांच्या हातात तो कागद जायचा. १९९९ च्या एका फॉर्म्युल्यात असा गुणाकार आला होता, त्यामागे धरून चाललेली गोष्ट ही की काळ्या लोकांचे स्नायू जास्त म्हणून क्रिएटिनिन जास्त. परिणाम असा की अमेरिकेत काळ्या पेशंटची किडनी कागदावर आहे त्यापेक्षा चांगली दिसायची आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत त्यांचा नंबर उशिरा लागायचा. २०२१ साली तिथल्या किडनी संघटनांनी वंश काढून टाकलेला नवीन फॉर्म्युला सुचवला, २०२३ च्या जानेवारीपासून हॉस्पिटलांना सांगितलं गेलं की जुन्या फॉर्म्युल्यामुळे ज्यांचा वेळ बुडाला त्यांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन द्या, आणि १४,००० पेक्षा जास्त लोकांना तो वेळ परत मिळाला. एका गुणाकाराने एवढ्या माणसांची वर्षं खाल्ली.

आणि गंमत म्हणून नाही, खरंच समजून घ्यायला म्हणून सांगते, किडनीतच एक खरीखुरी जनुकीय गोष्ट सापडली आहे. २०१० साली एपीओएल१ या जीनचे दोन प्रकार सापडले, जी१ आणि जी२. दोन्ही कॉपी धोक्याच्या असल्या तर किडनी खराब व्हायची शक्यता बरीच वाढते, आणि हे प्रकार टिकले ते आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीपासून वाचवतात म्हणून, म्हणजे परत मलेरिया आणि एस सारखंच. पण दोन्ही कॉपी असलेले आफ्रिकन अमेरिकन साधारण १३ टक्के आहेत, १०० टक्के नाहीत, आणि इथिओपियाच्या लोकांत ते प्रकार सापडले नाहीत. "काळा" असं लिहिलं तर १३ जणांसोबत ८७ जणांवर शिक्का बसतो आणि त्या १३ जणांना मात्र आपल्यालाच तपासायला हवं हे कळत नाही. जीन मोजली तर ज्याचं त्याला कळतं. मला जे म्हणायचंय ते सगळं या एका उदाहरणात आहे.

डायबेटीसबद्दल मात्र मला राग येतो. "भारतीयांच्या जीन्समध्येच डायबेटीस आहे" हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकते, पेशंटकडून ऐकते, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचते. जीन्सचा वाटा आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण बघा, १९६२ साली जेम्स नील यांनी "काटकसरी जीन" ची कल्पना मांडली, की दुष्काळात तगून राहायला उपयोगी पडलेल्या जीन्स आता भरल्या ताटापुढे डायबेटीस करतात. मग अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी जमातीच्या लोकांवर दशकानुदशकं अभ्यास झाले, जगात सगळ्यात जास्त डायबेटीस असलेले लोक म्हणून त्यांचं नाव झालं, आणि काटकसरी जीनचं जिवंत उदाहरण म्हणून पुस्तकांत छापलं गेलं. २००६ साली सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात राहणाऱ्या पिमांशी तुलना छापून आली. वंश तोच. अ‍ॅरिझोनात ३८ टक्के लोकांना डायबेटीस, मेक्सिकोत ६.९ टक्के. तिकडचे लोक अजून शेतात राबत होते, मका-बीन्स खात होते. अ‍ॅरिझोनातल्या पिमांची शेती गिला नदीवर होती, एकोणिसाव्या शतकात वरच्या बाजूच्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळवून घेतलं, शेती बुडाली, आणि पुढे सरकारी पीठ आणि डालड्यासारखी चरबी खाऊन जगायची वेळ आली. पाणी कुणी पळवलं हे डीएनएत दिसत नाही. फॉर्मवर फक्त "पिमा" लिहिलं तर ते कधीच दिसणार नाही.

आपल्या पुण्याचंच घ्या. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोच्या आसपास. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती वजनाच्या मानानं फार कमी झाली नव्हती, कमी होते ते स्नायू आणि पोट-यकृत वगैरे अवयव. बारीक पण आतून जाड. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा, आणि शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा फोटो बघून लोक लगेच "बघा, जीन्स" म्हणतात. पण त्याच पुण्याच्या टीमने आयांच्या शरीरातलं बी१२ मोजलं, सुमारे दोन तृतीयांश बायकांत ते कमी होतं. त्यांनी आईचं कष्टाचं काम मोजलं, ती हिरवी भाजी, फळं, दूध किती वेळा खाते हे विचारलं. म्हणून त्यांना पोटातल्या वाढीचा धागा सापडला. नुसतं "मराठी, ग्रामीण, अमुक जात" लिहून थांबले असते तर सगळं खापर जीन्सवर फुटलं असतं आणि एकाही गरोदर बाईच्या ताटाकडे कुणी बघितलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं, ज्या प्रोजेक्टमध्ये दहा लाख जनुकीय जागा मोजायला पैसे आहेत तिथं आणखी एक पान जोडायलाही असले पाहिजेत. रात्रपाळी करता का, पाणी किती लांबून आणता, घरात किती जण कमावतात, लहानपणी दुष्काळ बघितला का, रेशनवर काय मिळतं, शेतात फवारणी कोण करतं. आमच्या भागात हे प्रश्न न विचारता किडनी किंवा डायबेटीसचा अभ्यास पुरा होऊच शकत नाही. आणि जात विचारायची तर ती याच पानावर विचारा, कारण जात बहुतेक वेळा रक्तापेक्षा ही माहिती जास्त सांगते, कुणाच्या वाट्याला कुठलं काम आलं, कुणाच्या वस्तीत नळ शेवटी आला. ती आजाराची खरी कारणं आहेत आणि ती बदलता येतात.

आता दुसरी बाजू, कारण मी जात-समाज अजिबात नोंदवू नका असं म्हणणारी नाही. आपल्याकडे जातीत लग्नं होतात, शेकडो पिढ्या नसेल पण निदान दीड-दोन हजार वर्षं तरी बऱ्याच गटांत तसंच चालू आहे, आणि त्याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून दक्षिण आशियातले २६३ गट बघितले, त्यातल्या ८१ गटांमध्ये थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद होता. अशा गटात एखादा दुर्मीळ आजार घरोघर दिसू शकतो आणि तो वेळेत शोधला तर पोरं वाचतात. अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य-पूर्व युरोपातल्या, ज्यू समाजाने टे-सॅक्स या लहान मुलांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजारासाठी स्वतः पुढाकार घेऊन तपासणी केली आणि तो आजार त्यांच्यात जवळपास संपवत आणला. तसं काम आपल्याकडे हवंच आहे. पण तिथं एक ठरावीक जीन, एक ठरावीक बदल, एक ठरावीक आजार असा धागा आहे, आणि समाज सोबत आहे. हजारो जीन्सचा थोडा थोडा वाटा आणि बाकी सगळं जगण्यातून, अशा डायबेटीसला किंवा बीपीला तोच साचा लावला की गडबड होते. शिवाय सगळंच जातीच्या कुंपणात बसत नाही. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जीनमधला २५ अक्षरांचा तुकडा गळाल्याचं २००९ साली छापून आलं, तो जवळपास ४ टक्के भारतीयांत सापडला, उत्तर-दक्षिण, अनेक जाती, अनेक भाषा ओलांडून.

आणि तुम्ही भारतीय सॅम्पल गोळा करता याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण २०१९ च्या हिशोबाप्रमाणे जगातल्या अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेले रिस्क स्कोअर, म्हणजे जीन्सवरून काढलेले आजाराच्या धोक्याचे आकडे, आपल्या लोकांवर तितके नीट चालत नाहीत, आणि तरी काही कंपन्या ते रंगीत रिपोर्टमध्ये घालून इथं विकतायत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जीनोमचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला केला तेव्हा मला खरंच बरं वाटलं. म्हणूनच आत्ता लिहितेय. आता या डेटावर शेकडो पेपर निघतील. त्यात समाजाचं नाव कसं लिहायचं याची शिस्त आत्ताच लागली पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मार्च २०२३ मध्ये यावर अख्खा अहवाल काढला आणि स्पष्ट सांगितलं की माणसांमधल्या जनुकीय फरकाऐवजी वंशाचं लेबल वापरू नका, आणि जे लेबल वापरलं ते का वापरलं हे लिहा. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात समाजाला कलंक लागू नये याची काळजी घ्या असं आहेच, पण जात-जमातीच्या नावाचं नेमकं काय करायचं हे प्रत्येक कमिटी आपापल्या परीने ठरवते, आणि बऱ्याच कमिट्या काहीच ठरवत नाहीत.

कलंक हा शब्द तुमच्या कागदांवर फार सहज येतो. आमच्या काउंटरवर तो कसा दिसतो ते सांगते. लग्न ठरलेली मुलगी येते, एकटी, ओढणीने तोंड झाकून, आणि विचारते की ताई रिपोर्टवर वाहक लिहिलंच पाहिजे का. वाहक म्हणजे तिला काहीही आजार नाही. समोरच्या मुलाच्या रक्तात एस किंवा थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दुसरा दोष नसला तर पोरांना सिकलसेल व्हायचा प्रश्नच येत नाही. हे तिला कॉलेजात शिकवलेलं असतं, तिला पाठ असतं, पण सासरच्यांना ते ऐकायचं नसतं. मी तिला बसवते, पाणी देते, मुलाचीही टेस्ट करून घ्या म्हणते, काउन्सेलरचा नंबर देते. आणि बहुतेक वेळा मुलाची टेस्ट कुणी करत नाही, कारण दोष मुलीचाच असतो. आता एका मुलीच्या जागी अख्खा समाज ठेवा. तुम्ही पेपरात समाजाचं नाव घालून टक्के छापता, लोकल पेपरमध्ये बातमी येते, आणि त्या समाजातल्या प्रत्येक मुलीला, तपासणी झालेल्या न झालेल्या, तोच प्रश्न विचारला जातो. सही तर कॅम्पला आलेल्या पन्नास-शंभर लोकांनीच केलेली असते. बाकीच्यांना कुणी विचारलेलं नसतं.

अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांचं प्रकरण तुमच्या प्रत्येक एथिक्स कमिटीत वाचून दाखवलं पाहिजे असं मला वाटतं. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी छोटी जमात. डायबेटीस वाढत होता म्हणून त्यांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. त्या रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, ते कुठून स्थलांतर करून आले, असल्या गोष्टींवर काम झालं. त्यांची श्रद्धा आहे की ते त्या दरीतलेच आहेत, आणि त्यांच्याच रक्तातून त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही आशियातून आलात. ते कोर्टात गेले, २०१० साली युनिव्हर्सिटीने ४१ लोकांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. डायबेटीसचं उत्तर मिळावं म्हणून त्यांनी हात पुढे केला होता. आमच्याकडे कॅम्पला येणारी माणसंही त्याच आशेने येतात, कुणी मजुरी बुडवून येतं, कुणी लेकराला कडेवर घेऊन दोन बस बदलून येतं, आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं "सॅम्पल भविष्यातील संशोधनासाठी वापरले जाऊ शकते". कुठलं संशोधन, कोण करणार, नाव कुठं येणार, काही नाही. वाचून दाखवणारा माणूस ते वाक्य सगळ्यात भरभर वाचतो.

तर आता स्पष्ट मागण्या. जीन किंवा तो विशिष्ट बदल मोजता येत असेल तिथं तो मोजा आणि तोच लिहा, समाजाचं नाव त्याच्या जागी घालू नका. एचबीएवनसीवर डायबेटीस ठरवताय तर त्याच सॅम्पलची हिमोग्लोबिनची तपासणी, जमलं तर जी६पीडी आणि आयर्न, नोंदवल्याशिवाय दोन समाजांची तुलना छापू नका. जात-जमात विचारली तर ती का विचारली हे पेपरात एका परिच्छेदात लिहा, आणि ते लिहिता येत नसेल तर विचारू नका. जगण्याची माहिती जोडा. छोट्या समाजाचं नाव छापायच्या आधी त्या समाजाच्या लोकांपुढे बसून विचारा, फक्त पुढाऱ्याला विचारून भागत नाही, बायकांना वेगळं बसवून विचारा. जुन्या सॅम्पलवर नवीन काम करायचं तर परत विचारा. आणि ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा रिपोर्ट द्या, त्याला कळेल अशा भाषेत, सोबत सांगणारा माणूस द्या. सॅम्पल दिलं आणि परत कधी काही कळलंच नाही, हे वाक्य मी इतक्या गावच्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की पुढच्या कॅम्पला ते का येतील हा प्रश्न मला पडतो.

एथिक्स कमिटीवाल्यांना वेगळं सांगायचंय. तुमच्यापुढे प्रोजेक्ट येतो तेव्हा माहितीपत्रक तुम्ही इंग्रजीत वाचून पास करता आणि मराठी भाषांतर नंतर जोडलं जातं, ते कुणी वाचत नाही. ते मराठीच आधी वाचा. गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या भागात जाणार असाल तर त्या भाषेत रेकॉर्ड करून ऐकवा. आणि मंजुरी द्यायच्या आधी तो फॉर्म एकदा लॅबमध्ये पाठवा, सिकलसेल काउन्सेलरकडे पाठवा, आशाताईंकडे पाठवा. तो रकाना प्रत्यक्ष भरताना काय होतं हे आम्हाला माहीत असतं. आम्ही तुमच्याकडून पैसे मागत नाही, पेपरात नाव मागत नाही. फॉर्म पाठवा, आम्ही दोन दिवसांत वाचून खुणा करून परत देऊ.

आपली,
एचपीएलसी टेबलवरची एक टेक्निशियन, नागपूर